मंद्रातली घाई

गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, ही गोष्ट मी पहिल्या वर्षीच पचवून टाकली होती. गायकाला टाळ्या मिळतात, ड्रमवाल्याला शिट्ट्या मिळतात आणि लीड गिटारवाल्याला या दोन्ही मिळून वर आठवडाभर कँटीनमध्ये फुकट चहा मिळतो. बेसवाला आपला मागे, स्पीकरच्या सावलीत. "तुझ्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का रे?" असे एका प्राध्यापकांनी मला अगदी आपुलकीने विचारले होते. बेस गिटारला तारा चारच असतात, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. असो.

दुसऱ्या वर्षी मात्र मी ठरवले की लोकांनी आपल्याकडे बघितलेच पाहिजे. त्यावर उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे वेग. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहिजे तितके सापडतात. कोणी अंगठ्याने तारा बडवतो, कोणी तीन बोटांनी मशीनगन चालवतो आणि खाली लिहिलेले असते की तुम्हीही महिन्याभरात असे वाजवू शकाल. मी महिनाभर वाट पाहणाऱ्यांतला नव्हतो. गॅदरिंगला बारा दिवस उरले होते. रोज चार-चार तास, मेट्रोनोम १४० वर लावून, दात-ओठ खात मी मेहनत केली. नवव्या दिवशी डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी कळ येऊ लागली. दहाव्या दिवशी चहाचा कप उचलवेना. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिले, कंडरांना सूज असल्याचे सांगितले आणि तीन आठवडे वाद्याला हात न लावण्याची ताकीद दिली.

माझ्या जागी ऐनवेळी प्रथम वर्षाची एक मुलगी उभी राहिली. तिला बेस हाती घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. तिने काय केले? काहीच नाही. गाण्याचा जो मूळ स्वर असेल तो मात्रेवर ठेवायचा, पुरता वाजू द्यायचा आणि पुढचा यायच्या आत बंद करायचा, एवढेच. मी मनगटाला पट्टा बांधून सहाव्या रांगेत बसलो होतो. तिथे बसून मला जे ऐकू आले ते सांगायला आजही थोडे जड जाते. आमचा ऑर्केस्ट्रा त्या दिवशी, मी त्यात असताना कधी वाजला नव्हता इतका चांगला वाजला. गायिका मोकळी झाली होती. ड्रमवाला, जो माझ्याबरोबर सतत घड्याळ हरवल्यासारखा इकडेतिकडे बघायचा, तो शांत होता. या लेखाचे खरे निमित्त तो कार्यक्रम आहे.

तर माझे म्हणणे असे. बेस गिटारवर जलद वाजवण्याचे शास्त्र आहे, ते शिकता येते आणि शिकायलाही हवे. वेग वाईट असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींत मी नाही. पण आपण सारे ज्याला वेगाचा सराव म्हणतो तो बहुतेक वेळा घाईचा सराव असतो. बोटे किती हलतात याकडे आपण बघतो. खरा प्रश्न बोटे किती कमी हलतात आणि तार किती वेळेवर थांबते हा असतो.

आधी या वाद्याचा स्वभाव पाहू. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून 'प्रिसिजन बेस' बाजारात आला. त्यापूर्वी हे काम उभ्या डबल बेसचे होते. तो प्रचंड धूड वाहून न्यायचा म्हणजे शिक्षा, आणि ब्रासच्या गोंगाटात तो ऐकूही यायचा नाही. फेंडर यांनी तो आडवा केला, त्याला वीज जोडली आणि सतारीला असतात तसे पडदे, म्हणजे फ्रेट, दिले, म्हणून नावात 'प्रिसिजन', अचूकपणा. तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेसची तेवढीच असते. आता या ३४ इंचांचा हिशेब करा. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर पाच इंचांहून थोडे जास्त भरते. तेच बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत पावणेतीन इंचांच्याही आत येते. म्हणजे 'प्रत्येक पडद्याला एक बोट' हा जो नियम लीड गिटारवाले आपल्याला मोठ्या प्रेमाने शिकवतात, तो वरच्या भागात ठीक आहे. खाली, गाण्यातले निम्म्याहून अधिक काम जिथे चालते तिथे, तो हात फाडून टाकतो. माझ्या मनगटाची वाट याच नियमाने लावली, असे माझे ठाम मत आहे.

डबल बेसवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्त्स सिमांडल यांच्या पद्धतीत खालच्या भागात तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच कामाला लावतात. अनामिका करंगळीच्या मदतीला असते. चार पडद्यांऐवजी तीनच पडदे हाताखाली येतात आणि पुढे जायचे तर पूर्ण हातच सरकवायचा. ऐकायला हे संथ वाटते. पण ताणलेला हात हलायला वेळ घेतो आणि सैल हात चटकन सरकतो, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. मला सहा महिन्यांनी पटले.

डाव्या हाताचा दुसरा शत्रू म्हणजे अंगठा. जलद वाजवताना माणूस मानेमागच्या अंगठ्याने वाद्याचा गळा आवळतो. एक साधी परीक्षा सांगतो. अंगठा पूर्ण काढून घ्या आणि एक ओळ वाजवा. वाजते ना? मग एवढा जोर कशासाठी लावत होता? आता बोट पडद्याच्या अगदी लगत मागे ठेवा आणि हळूहळू दाबत जा. आधी खरखर येईल, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबा. त्यापुढचा सगळा जोर वाया जातो आणि पुन्हा बोट उचलताना तो आधी सोडावा लागतो. त्या सोडण्यातच वेळ जातो. बोट उचलायचे तेही तारेपासून कागदभर अंतरावर. माझी करंगळी सुरुवातीला चहा पिणाऱ्या साहेबाच्या करंगळीसारखी आभाळात जायची. तिला जमिनीवर आणायला मला चार महिने लागले, आणि मेट्रोनोम त्या काळात ६० च्या वर गेला नाही.

उजव्या हाताचा मामला निराळा आहे. तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवणे ही मूळ पद्धत. सेकंदाला आठ स्वर वाजवायचे तर एकेका बोटाच्या वाट्याला चारच येतात. म्हणजे प्रत्येक बोटाला एक मारायचा आणि एक विसाव्याचा, असे काम पडते. ही सोय असूनही आपण बिघडतो, कारण दोन बोटांचा आवाज सारखा नसतो. मोबाइलवर स्वतःचे वादन मुद्रित करा आणि ते निम्म्या गतीने ऐका. मी ऐकले तेव्हा लंगड्या माणसाची चाल ऐकू आली. तर्जनीचा स्वर ठसठशीत आणि मधल्या बोटाचा पडेल. वेगाने वाजवताना ही लंगड लपते असे आपल्याला वाटते. श्रोत्याला ती नुसती 'काहीतरी गडबड' म्हणून कळते, एवढाच फरक.

तीन बोटांची हौस पुष्कळांना असते. बिली शीहान तीन बोटांनी अफाट वाजवतो, हे खरे आहे. पण हिशेब बघा. मात्रेत चार स्वर आणि बोटे तीन. म्हणजे पहिल्या मात्रेचा ठोका पहिल्या बोटावर आला तर दुसरीचा दुसऱ्यावर, तिसरीचा तिसऱ्यावर आणि बारा स्वर झाल्यावर चक्र पुन्हा जागेवर. तिन्ही बोटे तंतोतंत सारखी असतील तरच ठोका ठोक्यासारखा लागणार. ज्याची दोनच बोटे एकमेकांशी बोलत नाहीत, त्याने तिसऱ्याला घरात घ्यावे कशाला? आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस १९८३ च्या 'द ट्रूपर'मध्ये मिनिटाला १६० मात्रांच्या आसपास जी घोडदौड करतो, एक लांब आणि दोन आखूड स्वरांची, ती दोन बोटांची आहे.

आणि दोनही नकोत, एक पुरते, असे दाखवणारा माणूस होऊन गेला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरीत असे. त्या बोटाला 'हुक', म्हणजे आकडा, असे नावच पडले होते. मूळचा तो डबल बेस वाजवणारा. त्याचा १९६२ चा प्रिसिजन बेस, त्यावर जाडजूड गुळगुळीत तारा, त्याही पडद्यांपासून चांगल्या उंच. वेगासाठी जे जे करू नये म्हणतात ते ते सगळे त्याने केले. तरीही मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांचे १९६७ चे 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ऐका. खालून जी चपळ, लवचीक ओळ पळते ती एका बोटाची आहे. रहस्य असे की तो मोकळ्या तारांचा मुबलक उपयोग करी, म्हणजे तेवढ्या वेळात डावा हात पुढच्या जागी जाऊन बसे. आणि जाड तारेवरून बारीक तारेवर न जाता उलट उतरताना तेच बोट एका तारेवरून दुसऱ्या तारेवर सहज ओढून घेई. अशा उतरण्यात बोट बदलण्याचे कामच उरत नाही. मी याचा सराव आठ दिवस केला आणि जे वळण महिनाभर अडले होते ते सुटले. मोटाउनच्या तबकड्यांवर त्याचे नाव बरीच वर्षे छापले जात नसे. १९८३ मध्ये तो गेला. त्याच्यावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवर 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हा माहितीपट निघाला तो २००२ साली. सावलीत उभे राहण्याबद्दल मी सुरुवातीला तक्रार केली आहे. ती वाचताना मला आता थोडी लाज वाटते. आपल्याकडेही राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ती गाणी गुणगुणणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असते?

जोराने तार खेचण्याबद्दलही बोलायला हवे. आमच्या कॉलेजचा ॲम्प्लिफायर जुना आहे, म्हणून आपला आवाज पोचावा यासाठी मी तार धनुष्याच्या दोरीसारखी खेचत असे. खेचलेली तार मोठा झोका घेते, पडद्यांवर आपटते आणि दुसरे बोट येते तेव्हा ती जागेवर नसते. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवा आणि बोटाचा जोर निम्मा करा. गॅरी विलिस हा वादक तर तारांखाली लाकडाची एक पट्टी बसवतो, बोट तारेच्या खाली खोल जाऊच नये म्हणून. वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबते ठेवण्याची फॅशनही याच जातीची. फोटो चांगला येतो, हे मान्य. पण तसे वाद्य धरले की मनगट काटकोनात वाकते, बोटांच्या कंडरा ज्या अरुंद वाटेने जातात ती वाट आणखी आवळते आणि त्यात आपण वेग मागतो. बसल्यावर वाद्य जिथे येते, उभे राहिल्यावरही तिथेच येईल इतका पट्टा आखूड करावा. बावळट दिसते. दिसू द्यावे.

आता मी ज्याला सर्वांत महत्त्वाचे मानतो तिकडे येतो. बेसची जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा, म्हणजे आठ पट. दोघींत तीन सप्तकांचे अंतर. लय मिनिटाला १२० मात्रांची आणि वाजवायचे चौगुनीत, तर सेकंदाला आठ स्वर होतात. एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा हिस्सा. तेवढ्यात गिटारची ती तार ४१ हेलकावे खाते आणि बेसची तार खाते पाच. पाच हेलकाव्यांत स्वराने आपली ओळख काय सांगावी? वरचे सूक्ष्म स्वर कानाच्या मदतीला येतात म्हणून काही तरी कळते, पण मंद्रात घाई केली की स्वर कमी आणि धक्के जास्त ऐकू येतात. जेको पास्टोरियसने वेदर रिपोर्टच्या १९७७ च्या 'टीन टाउन'मध्ये एवढे जलद वाजवले, तो बहुतेक वेळ बारीक तारांवर, वरच्या भागात आणि उजवा हात घोडीच्या जवळ ठेवून, जिथे आवाज बारीक आणि टणक येतो. त्याची नक्कल करणारे आमच्यासारखे लोक तीच धावपळ जाड तारेवर करतात आणि मग चिखल का झाला म्हणून ॲम्प्लिफायरला दोष देतात.

चिखलाचे दुसरे कारण म्हणजे न थांबणाऱ्या तारा. बेसची तार एकदा हलली की बराच वेळ बोलत राहते, आणि शेजारणीलाही बोलायला लावते. चार स्वर वाजवले आणि एकही बंद केला नाही तर चारही एकदम ऐकू येतात. म्हणून उजव्या हाताचा अंगठा एका जागी रोवून न ठेवता खालून वर तारांवर टेकत न्यायचा, वाजवत नाही ती तार अंगठ्याखाली मुकी, आणि डाव्या हाताचे बोट न उचलता नुसते सैल करून स्वर संपवायचा. ती प्रथम वर्षाची मुलगी हेच करीत होती. तिला वेग येत नव्हता, पण थांबवता येत होते. मला याच्या उलट येत होते.

लहानपणी मी दोन वर्षे तबला शिकलो. तिथे कायदा आधी ठायीत, मग दुगुनीत, मग चौगुनीत. बोल तेच, निकास तोच, आणि निकास बिघडला की गुरुजी काही न बोलता बोटावर टिचकी मारून पुन्हा ठायीवर आणीत. बेस हाती घेतल्यावर हे सगळे मी कसे विसरलो, याचे मला नवल वाटते. बहुधा परदेशी वाद्याला परदेशी, झटपट मार्ग असेल असे वाटले असावे. आता मी ६० ला सुरू करतो. एक ओळ लागोपाठ तीनदा स्वच्छ आली तरच चारने पुढे. चुकली तर आठने मागे.

पण इथे एक गोष्ट माझ्याच मताविरुद्ध लिहिली पाहिजे. नुसते सावकाश वाजवून वेग येतो असे नाही. कितीही सावकाश चालले तरी धावणे येत नाही, कारण धावताना पाऊल वेगळेच पडते. बोटांचेही तसेच आहे. म्हणून ठायीच्या सरावाबरोबर एक छोटा डोस वेगाचा घ्यावा लागतो. चारच स्वर, पूर्ण गतीने, पाचव्यावर थांबायचे आणि हात सैल सोडायचा. मग पुन्हा चार. ते सहज जमले की आठ. थकवा यायच्या आत बंद. कळ आली तर त्या दिवशी वाद्य पेटीत. 'कळ आल्याशिवाय हात तयार होत नाही' असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला माझा मनगटाचा पट्टा दाखवायला मी तयार आहे.

अंगठ्याने तारा बडवण्याबद्दल, म्हणजे स्लॅपबद्दल, थोडेच लिहितो. लॅरी ग्रॅहमने ही पद्धत काढली ती त्याच्या आईच्या छोट्या बँडमध्ये ड्रमवाला उरला नाही म्हणून. अंगठ्याचा ठोका मोठ्या ड्रमच्या जागी आणि बोटाने खेचलेली तार लहान ड्रमच्या जागी. एका गरजेतून ती आली होती. आमच्याकडे ड्रमवाला असतो, ढोलकीवाला असतो, वर कीबोर्डवर तयार तालही लावलेला असतो आणि तरी बेसवाला चौथा ड्रम होऊन बसतो.

याला आमच्या स्पर्धाही जबाबदार आहेत. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बेसवाल्याला एकट्याला स्टेजवर बोलावून तीन मिनिटे दिली गेली. मी तेथे होतो. सगळ्यांनी तीन मिनिटे पळ काढला आणि परीक्षकांनी 'हात काय चालतो!' म्हणून बक्षीस दिले. कोणाला गायकाबरोबर, ड्रमबरोबर एक अंतरा वाजवून दाखवायला सांगितले नाही. धावणाऱ्याची परीक्षा मैदानात व्हावी, पण साथीदाराची परीक्षा साथीत व्हायला नको का? आमच्या संगीत मंडळाला मी लेखी विनंती केली आहे की निदान आपल्या घरच्या स्पर्धेत बेसची परीक्षा गाण्याच्या साथीतच घ्यावी आणि गुण देताना गायकाचेही मत विचारावे. उत्तर अद्याप आलेले नाही.

यंदाच्या गॅदरिंगला ती मुलगी आणि मी, दोघेही आहोत. संथ गाणी तिच्याकडे, जलद तीन माझ्याकडे, अशी वाटणी तिनेच सुचवली. त्यातल्या सर्वांत जलद गाण्यात आठ मात्रांचा एक चौगुनीचा तुकडा आहे. त्याला ११६ ची लय हवी. माझा हात आज १०८ वर स्वच्छ आहे आणि दिवस एकवीस उरले आहेत. नाही जमला तर त्या आठ मात्रांत मूळ स्वर ठेवून मोकळा होईन, असे मी गायिकेला सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "मग तसंच ठेव की."